कादंबरीतली इमारत दिसायला लागली

कादंबरीतली इमारत आज कुठे जरा उभी राहायला लागलीये, म्हणून झोपायच्या आधी सगळं लिहून ठेवते, नाहीतर सकाळपर्यंत निम्मं निसटून जातं.

माणसं कधीचीच तयार होती. नायिका, तिच्या शेजारच्या कॉटवरची बाई, रात्रपाळीचा डॉक्टर, सगळे कसे बोलतात ते कानात पक्कं बसलंय. पण ते ज्या टीबी सॅनेटोरियममध्ये (टीबीच्या पेशंटना ऊन आणि आराम देणारं हॉस्पिटल) राहतात तेच काही केल्या दिसेना. टेकडी, भोवती दाट झाडी, पांढऱ्या भिंती, लांबच लांब व्हरांडा, एवढं लिहून झालं की पुढे सगळं धूसर. फोटो ढीगभर पाहिले, किल्ले, राजवाडे, बंद पडलेली हॉटेलं. पण फोटोत इमारत दिसते ती समोर उभं राहून बघणाऱ्या पाहुण्याला दिसते तशी, आणि माझी नायिका तर तिथे महिनोन् महिने पडून आहे.

हे पडून असणंच किती महत्त्वाचं आहे ते पाइमियोबद्दल वाचताना कळलं. फिनलंडमधलं टीबीचं सॅनेटोरियम, 1933 मध्ये पूर्ण झालेलं, आर्किटेक्ट अल्वार आल्टो. चहूकडे पाइनचं जंगल, पेशंटच्या खोल्या ऊन येईल अशा दिशेला वळवलेल्या, हे सगळं ठीक, पण मी अडकले ते खोलीच्या आत. आल्टोने ही खोली आडव्या माणसासाठी बनवली. आपण खोलीत शिरलो की भिंती बघतो, पण जो दिवसभर उताणा पडलाय त्याच्यासमोर फक्त छत असतं, म्हणून त्याने छताला गडद शांत हिरवा रंग दिला, दिवा पडल्यापडल्या डोळ्यांवर येणार नाही असा लावला, आणि छतातूनच ऊब सोडली तीही पायांकडे, डोकं तापणार नाही अशा बेताने.

आणि बेसिन! एका खोलीत दोघं पेशंट, प्रत्येकाचं बेसिन वेगळं, आणि पाण्याची धार तिरकी पडावी असा त्याचा आकार, म्हणजे एकाने रात्री हात धुतले तरी दुसऱ्याची झोप मोडू नये. हे वाचून मी वही बाजूला ठेवली आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. कारण माझ्या दोन बायकांचं सगळं नातं त्यात आहे. एकीला रात्री खोकल्याची उबळ येते, ती उठते, तोंड धुते, रुमाल धुते, आणि दुसरीला काही कळू नये म्हणून धडपडते. आता बेसिन जर आवाजच करत नसेल तर दुसरी जागी कशाने होते? मला वाटतं आवाज नसल्यामुळेच. खोकला थांबला आणि पुढे काहीच ऐकू येत नाही म्हणून ती डोळे उघडते. हा प्रसंग मी किती दिवस शोधत होते, आणि तो एका बेसिनच्या कोनात निघाला!

दरवाज्यांच्या मुठीसुद्धा अशा की येता-जाता डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकू नये. हे मी जसंच्या तसं घेणार नाही, माझ्या इमारतीत बाही अडकायला हवी, कारण रात्रपाळीचा डॉक्टर घाईत असतो आणि एकदाच का होईना तो त्या दारात थांबायला हवा. असं इकडचं तिकडे करायची मुभा कादंबरीत आहे ते बरंय. पायऱ्यांवरचं लिनोलियमचं आवरण मात्र पाइमियोसारखं पिवळंधमक ठेवणार. आजारी माणसांच्या इमारतीत असा रंग असेल हे मला स्वतःहून सुचलं नसतं, मी सगळीकडे करडाच रंग फासला असता.

मधे एकदा वाटलेलं की इमारतीत काहीतरी गूढ पाहिजे, म्हणून अमेरिकेतल्या सॅन होजेमधल्या त्या प्रसिद्ध विंचेस्टर घराबद्दलही वाचलं. सारा विंचेस्टर या विधवा बाईंनी 1886 मध्ये फार्महाऊस घेतलं आणि ते वाढवत वाढवत अवाढव्य घर केलं, छताला जाऊन थडकणारा जिना, बाहेर नुसता खड्डा असलेलं दार, आणि भुतांना चकवण्यासाठी हे सगळं केलं अशी दंतकथा. पण तिथल्या एका जिन्याच्या पायऱ्या जेमतेम 2 इंच उंचीच्या आहेत, कारण बाईंना संधिवात होता, पाय उचलवत नव्हता. मला भुतांपेक्षा या पायऱ्यांनी जास्त धरून ठेवलं. त्या जिन्यावरून एक दुखरं शरीर सावकाश वर चढताना लगेच दिसतं, त्यासाठी भूत लागतच नाही. माझ्याही इमारतीत जे काही विचित्र असेल त्याच्यामागे कुणाचं तरी दुखणं असणार, हे आता पक्कं केलंय.

दुसरा काळ राहिला. माझी कादंबरी दोन काळांत आहे आणि पुढच्या काळात ही इमारत कसली असेल ते ठरतच नव्हतं. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक सापडलं, मग टीबीवर औषधं यायला लागली आणि ऊन खात महिनोन् महिने पडून राहायची गरज हळूहळू संपली, म्हणजे ज्या आजारासाठी एवढा विचार करून इमारत बांधली तो आजारच तिथून निघून गेला. पाइमियोचंही पुढे साधं हॉस्पिटल झालं आणि पेशंट उन्हात पडायचे त्या उघड्या गच्च्या नंतर बंदिस्त केल्या गेल्या. हे मी घेणारच. नायिकेची नात त्या इमारतीत नोकरीला येते आणि तिला मिळालेली राहायची खोली म्हणजे पूर्वीची गच्ची, फक्त तिला ते माहीत नाही. तिला एवढंच जाणवतं की फरशीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार आहे आणि पेन्सिल पडली की दर वेळी खिडकीखालीच जाते. उतार पावसाच्या पाण्यासाठी दिलेला, पण हे तिला कोण आणि केव्हा सांगतं ते अजून ठरायचंय, बहुतेक जुना वॉर्डबॉय.

उद्या आधी खोलीचा प्लॅन कागदावर काढणार, दोन कॉट, दोन बेसिनं, खिडकी कुठल्या हाताला ते नक्की करून. तिसऱ्या प्रकरणातलं टेकडी आणि झाडीचं वर्णन काढून टाकतेय, तिथे नायिका स्ट्रेचरवरून आत येते, तेव्हा तिला आधी छतच दिसणार.