24 तारांवर 94 किलो

टण्. ताटावर चमचा पडावा एवढाच आवाज. खंबाटकीचा चढ संपत आला होता, मी सीटवरून उठून पेडल दाबत होतो आणि मागचं चाक एकदम ब्रेकला घासायला लागलं. उतरून पाहिलं तर डाव्या बाजूचा एक स्पोक, म्हणजे चाकाची तार, हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, तुटून लोंबत होता. वर्षभरातला तिसरा.

300 किलोमीटरची बीआरएम होती, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, 20 तासांची मुदत, आणि जेमतेम 70 किलोमीटर झाले होते. मागच्या चाकात 32 स्पोक असतील तर एक गेला तरी चाक थोडं डुलतं, पण घरी आणून सोडतं. माझ्या चाकात 24. एक तुटला की त्या जागी रिम, चाकाची बाहेरची कडी, सरळ बाजूला पळते. तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळला, शेजारचे उजव्या बाजूचे दोन निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या चाक्या, थोडे सैल केले, ब्रेक उघडा टाकला आणि कसाबसा सुरूर फाट्यापर्यंत आलो. तिथून फोन करून कळवलं, 'डीएनएफ लिहा,' म्हणजे फेरी पुरी झाली नाही. मग आल्याची पोती घेऊन मार्केट यार्डला निघालेल्या एका टेम्पोत सायकलसकट चढलो. आल्याच्या चहाचा वास आला की अजून तो दिवस आठवतो.

माझं वजन 94 किलो. गेली सात-आठ वर्षं ते 90 आणि 96 च्या मध्ये फिरतंय आणि ते कमी करायचा सल्ला मला डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी देऊन झाला आहे, तेव्हा तो विषय इथे नको. साडेनऊ किलोची सायकल, दोन बाटल्या पाणी, सीटखालच्या पिशवीत ट्यूब, पाने, रेनकोट, खाऊ. सगळं धरून 108 किलो. त्यातला 60 टक्क्यांच्या आसपास भार मागच्या चाकावर. सायकल घेताना मी गिअर पाहिले, फ्रेमचा रंग पाहिला, चाकं पाहिलीच नाहीत.

आमच्या पेठेत एक जुने सायकलवाले काका आहेत. आधीचे दोन्ही स्पोक त्यांनीच टाकून दिले होते आणि चाकाचा आऊट काढून, म्हणजे डुलणारं चाक सरळ करून, दिलं होतं. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी चाक हातातून खालीच ठेवलं. म्हणाले, "साहेब, दूधवाल्यांच्या सायकलींची चाकं मी 30 वर्षं भरलीत. पुढे 32 तारा, मागे 40. माल मागे असतो म्हणून मागे जास्त. तुम्ही 24 तारांवर दुधाचे दोन कॅन घेऊन हिंडताय."

मग त्यांनी तुटलेल्या स्पोकचं टोक उन्हात धरून दाखवलं. स्पोक हबच्या भोकातून निघताना जिथे काटकोनात वाकतो, त्या मानेवर तो तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंजलेला. उरलेला अर्धा चकचकीत. म्हणजे अर्धी चीर कित्येक दिवस आधीच पडली होती. घाटात तुटली ती फक्त उरलेली अर्धी.

हे मला तोवर माहीत नव्हतं. माझी समजूत अशी की वजनाने स्पोक ताणला जातो, ताण सोसवेनासा झाला की तुटतो. होतं जवळजवळ उलट. चाकाचे सगळे स्पोक आधीच ताणलेले असतात. चाक फिरताना जो स्पोक खाली जमिनीच्या बाजूला येतो, त्याचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताना परत येतो. प्रत्येक फेऱ्याला एकदा सैल, एकदा घट्ट. माझं 23 मिलिमीटर रुंद टायरचं चाक किलोमीटरला सुमारे 475 फेरे मारतं. माझे त्या चाकावर 6,000 किलोमीटर झाले होते, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस लाख वेळा. लोखंडी तार हाताने पुढेमागे वाकवून तोडतो ना, तसंच हे. मुळात ताण भरपूर असेल तर सैल होऊनही स्पोक ताठ राहतो. ताण कमी आणि वर बसणारा जड असेल तर तो पूर्ण ढिला पडतो आणि मान हलत राहते.

आणि तुटले ते तिन्ही डावे. मागच्या हबवर उजवीकडे कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्या, असते, त्या बाजूचे स्पोक उभट बसतात आणि त्यांना जास्त ओढावं लागतं. डावीकडचे तिरके, त्यांच्या वाट्याला उजव्यांच्या निम्म्याच्या आसपास ताण येतो. काकांनी नखाने एकेक छेडून दाखवला. उजवे टिण् टिण् वाजत होते, डावे नुसते खट् करत होते.

नवीन चाकं घ्यायची हे ठरलं. कुठली, यावर घरात महिनाभर रण पेटलं.

माझा भाचा शर्यतीत उतरतो. वजन 58 किलो, पायात स्प्रिंग. त्याने लगेच लिंक पाठवल्या. कार्बनच्या 50 मिलिमीटर खोल रिम, दोन्ही चाकं मिळून दीड किलो. "मामा, चाकाचं वजन फिरतं असतं, ते दुप्पट मोजायचं." हे वाक्य सायकलवाल्यांच्या प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतं. मी कागद घेतला. माझ्या चाकांपेक्षा ही 400 ग्रॅमने हलकी. 108 किलोत 400 ग्रॅम म्हणजे 0.37 टक्के. सिंहगड मला 70 मिनिटं लागतो, त्यातले वाचणार 15-16 सेकंद. दुप्पटीचा हिशेब फक्त वेग वाढवताना लागू होतो, आणि सिंहगडावर मी वेग कधीच वाढवत नाही, तो आपोआप कमी होत जातो. 15 सेकंदांचे 45 हजार रुपये.

खोल रिमचा खरा फायदा हवेत आहे, आणि तो खोटा नाही. भाचा 40 च्या वेगाने घोळक्यात जातो, त्याला तो मिळतो. मी 23-24 ने जातो. मजा अशी की बाजूच्या वाऱ्याचा झोत खोल रिमला ढकलतो तेव्हा त्याच्यासारखा हलका माणूस जास्त डगमगतो, माझ्यासारखा तसाच पुढे जातो. म्हणजे या एका बाबतीत माझं वजन कामाचं होतं, आणि खरं सांगायचं तर दोन दिवस मी त्या काळ्याभोर चाकांचे फोटो बघत बसलो होतो.

मोडता घातला तो ब्रेकने. माझी सायकल रिम ब्रेकची. सिंहगड उतरताना मी चढलेली सगळी उंची कुठेतरी जिरवावी लागते. काही वारा खातो, उरलेली ब्रेकच्या गट्ट्या आणि रिम तापवतात. अॅल्युमिनियम ती उष्णता झटकन पसरवतं. कार्बनला ते जमत नाही, आणि रिममधलं रेझिन, म्हणजे कार्बनचे धागे चिकटवून ठेवणारी राळ, फार तापलं तर नरम पडू शकतं. 58 किलोचा मुलगा दोन बोटं लावून उतरतो. मी घाबरट, वळणावळणाला ब्रेक धरून ठेवणारा. त्यात त्या चाकांच्या पानावर वजनाची मर्यादा होती, पण ती नुसत्या स्वाराची की सायकल-सामानासकट, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काही कंपन्या एक मोजतात, काही दुसरं. 94 किलोच्या माणसाने हा प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारलेला बरा.

मग मी चाकं सोडून स्वतःकडे बघायला बसलो. मी सायकल चालवतो कशी? चढावर उभा राहतो आणि सायकल डावी-उजवी झुलवतो. जड गिअरवर हळू पेडल मारतो. खड्डा दिसला तरी उशिरा दिसतो, कारण बीआरएमचा निम्मा रस्ता अंधारात. पावसाळ्यात ताम्हिणीला जाणारच. आणि बंद पडलो तर सुरूरला, वाईला किंवा मुळशीला जो दुकानदार असेल त्याच्याकडे मिळणारं सामान हवं. एवढं लिहून काढल्यावर निवडायला फारसं काही उरलं नाही.

शिमानो कंपनीचे '105' मालिकेतले 32 भोकांचे हब, दोन्हीकडे. पुढे 28 चालले असते, पण 28 भोकांचा हब मिळायला महिना लागणार होता. आतून 19 मिलिमीटर रुंद अॅल्युमिनियमची रिम. स्पोक मध्ये बारीक आणि टोकांना जाड असे, 2.0-1.8-2.0. इथे काका आणि मी दोघेही चुकत होतो. आम्हाला वाटायचं जड माणसाला सरळ जाड तार हवी. पण मधला बारीक भाग थोडा ताणला जातो आणि हिसका स्वतःवर घेतो, मान वाचते. निपल पितळी. अॅल्युमिनियमचे हलके असतात, पण आपल्या चार महिन्यांच्या पावसात ते स्पोकला असे चिकटून बसतात की आऊट काढताना डोकंच तुटतं. मजुरीसकट सगळं 17 हजारांच्या आत. वजन भरलं जुन्या चाकांपेक्षा 60 ग्रॅम जास्त! हे भाच्याला मी अजून सांगितलेलं नाही.

चाक भरलं काकांनीच. एका दुपारी मी स्टुलावर बसून बघत होतो: प्रत्येक स्पोक तिघांना छेद देऊन जाणारा, तिसऱ्याच्या खालून काढलेला. उजवीकडचे दोन मिलिमीटर आखूड. चाक फिरवलं तर रिम आणि गट्टीमधली फट तसूभर हलत नव्हती. आता हे असंच चालेल म्हणून मी पेढे देऊन आलो.

दीडशे किलोमीटरांत चाक पुन्हा डुलायला लागलं.

भाचा त्याच्या टीमच्या मेकॅनिककडे घेऊन गेला. त्याच्याकडे ताण मोजायचं यंत्र होतं. उजवे स्पोक 85 किलोफोर्सच्या (ताणाचं माप) आसपास, डावे 40 सुद्धा नाहीत. रिमच्या कागदावर कमाल 120 लिहिलं होतं. काकांनी आयुष्यभर 40 तारांची चाकं भरली. एवढ्या तारा असल्या की प्रत्येकीला कमी ताण पुरतो. त्यांचा हात तिथेच थांबला होता. मेकॅनिकने उजवे 115 पर्यंत नेले, जोड्या जोड्या मुठीत धरून दाबल्या, कडकड आवाज आला, परत आऊट काढला, परत दाबल्या. चार वेळा. शेवटच्या खेपेला आवाज आला नाही. पुढच्या आठवड्यात मी चाक काकांना दाखवायला नेलं. त्यांनी उजवा स्पोक छेडला, भुवया वर केल्या. "एवढं ताणलं? मी असतो तर रिम फाटेल म्हणून थांबलो असतो." मग पुन्हा दोनदा छेडला. कान लावून, लक्षात ठेवल्यासारखा.

टायरचं थोडक्यात. आधी 23 चे होते, त्यात 120 पीएसआय हवा, दगडी रुळावर बसल्यासारखं वाटायचं. रुंद रिमवर 28 चे टाकले, ते फुगून 29 च्या थोडे वर गेले. मागे ब्रेकच्या कमानीखालून 4 नंबरची अॅलन की जाते, 5 ची अडकते. चिखलात हे पुरणार नाही, पण डांबरावर पुरतं. आता मागे 85, पुढे 78. चाकावर केलेल्या सगळ्या खर्चात मनगटांना आणि बैठकीला सगळ्यात जास्त जाणवलेली गोष्ट हीच, आणि सगळ्यात स्वस्तही हीच. हे आधी केलं असतं तर कदाचित जुनं चाकही वर्षभर जास्त टिकलं असतं.

नव्या चाकांवर 4,000 किलोमीटर झालेत. मेकॅनिकने ताणल्यापासून एकदाही आऊट काढावा लागला नाही. पुढल्या हिवाळ्यात पुन्हा तीच 300 ची बीआरएम केली, 18 तास 10 मिनिटं. जाताना फ्रेमला तीन जादा स्पोक चिकटपट्टीने बांधून घेतले होते, धसका म्हणा.

खंबाटकीचा घाट उतरून सुरूर फाट्यावर आलो तर एक गडी सायकल उलटी करून बसलेला. माझ्याच अंगाचा. मागचं चाक, 24 स्पोक, डावा तुटलेला. मी ऐटीत चिकटपट्टी सोडवून माझा स्पोक पुढे केला. लावून पाहिला, चार मिलिमीटर लांब निघाला. त्याच्या रिमची खोली वेगळी, हब वेगळा.

मार्केट यार्डला जाणारे टेम्पो कुठे थांबतात ते मात्र मला बरोबर माहीत होतं.