तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेझा की नेक्सॉन?

"मारुतीची ब्रेझा घेऊ की टाटाची नेक्सॉन?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, "उंची किती?"

"पाच आठ," समोरचा गोंधळून सांगतो.

"तुमची नाही हो. पार्किंगची."

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गाडी आली, तेव्हापासून हा संवाद किती वेळा झाला असेल सांगता येत नाही. ऑफिसात झाला, लिफ्टमध्ये झाला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाला, एकदा गोखले रोडवर मटार निवडून घेता घेता झाला. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. माझं उत्तर लांबतं आणि मटारवाला वैतागतो. म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

ठाण्यात गाडी बहुतेक वेळ उभीच असते, हे आधी डोक्यात घ्या. माझी दिवसाला दोन तास रस्त्यावर असते, नौपाड्यातून ऐरोलीला आणि परत. बाकीचे बावीस तास बिल्डिंगखाली नाहीतर ऑफिसखाली उभी. आणि त्या दोन तासांतलाही निम्मा वेळ कळवा नाक्याला उभीच. नवा खाडीपूल झाला तरी पुलाच्या दोन्ही टोकांचा गुंता सुटायचा तो सुटतच नाही. गाडी पळते कशी ते शोरूमवाला सांगेलच. उभी राहते कशी ते तुम्हालाच बघायला लागतं.

आमची जुनी तीन मजली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि तिच्या जागी टॉवर आला. फ्लॅट मोठा झाला, पार्किंग मात्र स्टॅकचं. म्हणजे खाली एक गाडी, तिच्या डोक्यावर लोखंडी प्लॅटफॉर्म, त्यावर दुसरी. आम्हाला खालची जागा मिळाली. तिचे दोन नियम. एक, वरच्यांना बाहेर पडायचं असेल तर आधी खालच्याने गाडी काढायची, त्यामुळे सकाळी सातला "वहिनी, जरा काढता का?" हा आमचा गजर. दुसरा नियम तिथे पाटीवरच रंगवलेला आहे: उंची 1650 मिमी. नुसती पाटी नाही, तोंडाशी साखळ्यांना एक पिवळी-काळी पट्टी टांगलेली आहे. गाडी तिला लागली की समजायचं, हे आपलं काम नाही.

आता दोन्ही गाड्यांचे कागद काढा. लांबी दोघींची तंतोतंत सारखी, 3995 मिमी. रुंदी ब्रेझाची 1790, नेक्सॉनची 1804. उंची मात्र ब्रेझाची 1685 आणि नेक्सॉनची 1620. फरक 65 मिलिमीटरचा, आडव्या धरलेल्या चार बोटांएवढा. आमचा निकाल त्या चार बोटांत लागला, फक्त आम्हाला तो कळायला महिना लागला.

कारण मला ब्रेझाच हवी होती. ती चालवून बघितली होती. ऑटोमॅटिक, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. ज्यांना हे शब्द नुसते ऐकून माहीत आहेत त्यांच्यासाठी सांगते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरायला लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात घासणारी क्लचप्लेट नाही, त्यामुळे दोन फूट पुढे, परत ब्रेक, परत दोन फूट, हा आपला कळवा नाक्याचा कार्यक्रम ती न कुरकुरता करते. ऑटोमॅटिकचा दुसरा, स्वस्तातला प्रकार एएमटी. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम एक यंत्र करतं. ते गिअर बदलताना क्षणभर ओढ सुटते आणि गाडीतली सगळी माणसं एकदम मान डोलावतात, कीर्तनाला बसल्यासारखी. कुठल्याही कंपनीची घ्या, एएमटीचा स्वभाव कमी-जास्त हाच. स्वस्त पडते, मोकळ्या रस्त्याला उत्तम. माझा रस्ता मोकळा नाही.

नेक्सॉनमध्ये एएमटी आहे आणि दोन क्लचची डीसीएसुद्धा आहे. दोन क्लच म्हणजे एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटून तयार. एक-तीन-पाच-सातचे गिअर एका क्लचवर, दोन-चार-सहाचे दुसऱ्यावर, त्यामुळे बदल इतका झटकन होतो की कळत नाही. सगळ्यात मऊ मात्र मला टॉर्क कन्व्हर्टरच वाटला. शिवाय ब्रेझाचं इंजिन चार सिलिंडरचं, नेक्सॉनचं तीनचं. सिग्नलला उभं असताना पायाखाली ते जाणवतं. आणि मी उभीच असते.

तर ब्रेझा ठरली होती. आमच्या घरात कुठलीही गोष्ट ठरली की ती एकदा सासूबाईंना दाखवायची असते. म्हणून शोरूमच्या मुलाला सांगितलं, टेस्ट ड्राइव्ह आमच्या बिल्डिंगमध्ये आण. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. मागचं दार उघडलं, हँडलला धरलं आणि कुठेही न वाकता त्या सरळ आत बसल्या. "छान आहे गं. डोकं लागत नाही." त्याच आठवड्यात नेक्सॉन आली तेव्हा मागच्या बाजूला छप्पर उतरतं झाल्यामुळे मान खाली घालावी लागली. "ही जरा नमस्कार करायला लावते," त्या म्हणाल्या. म्हणजे घरात दोन मतं ब्रेझाला.

मग मी त्या मुलाला म्हटलं, आता एकदा आत लावून दाखव.

त्याला वाटलं मी थट्टा करते. तरी लावायला घेतली. वॉचमन समोर उभा राहून हाताने बोलावतोय, "येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, येऊ द्या..." आणि टण! पट्टी रूफ रेलला, म्हणजे छपरावरच्या दांडीला, लागून साखळ्यांवर झुलायला लागली. मुलगा खाली उतरला, मान वर करून बघत म्हणाला, "मॅडम, पट्टी थोडी वर बांधून घ्या ना." मी त्याला वरच्या प्लॅटफॉर्मचा तळ दाखवला, ग्रीसने काळा झालेला. पट्टी वर गेली असती, तो गेला नसता.

पस्तीस मिलिमीटर कमी पडले.

आम्ही हार मानली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना मोकळी जागा आहे, डोक्यावर स्लॅबशिवाय काही नाही. तिथे त्यांची 2009 सालची छोटी हॅचबॅक कव्हर घालून असते. कव्हर निघतं दसऱ्याला. हार घालायचा, लिंबं चिरडायची आणि परत कव्हर. ती आमच्या जागेत सहज मावली असती. नवरा पेढे घेऊन गेला. काकांनी पेढा घेतला, चहा पाजला आणि म्हणाले, "जागा ठरावात माझ्या नावावर आहे. तुम्ही थोडी बुटकी गाडी का नाही घेत?"

तर आम्ही थोडी बुटकी गाडी घेतली. नेक्सॉन, पेट्रोल, डीसीए. पट्टीखालून तीस मिलिमीटर राखून जाते. डिकीचं दार मात्र गाडी आत असताना पूर्ण उघडत नाही, वरच्या प्लॅटफॉर्मला लागेल. सामान भरायचं तर गाडी बाहेर काढून भरा. हे ब्रोशरात नसतं. ब्रोशरात डिकीचे लिटर असतात: ब्रेझाची 328, नेक्सॉनची 382, जणू आकड्यांनी जागा बदलल्यात. सनरूफ घ्या म्हणून शोरूममध्ये फार आग्रह झाला. म्हटलं, उघडून बघणार काय, वरच्यांचं सायलेन्सर?

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात एक गंमत आहे. दोघींची लांबी 3995 का? चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून पाच मिलिमीटर राखलेत. पण त्या सवलतीला लांबी एकटी पुरत नाही, इंजिनही लहान लागतं: पेट्रोल 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन 1199 सीसी, बसलं. ब्रेझाचं 1462, नाही बसलं. मग बिचारी आखूड कशाला झाली? कारण 2016 साली आली तेव्हा तिच्यात 1248 सीसीचं डिझेल होतं. 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे कडक नियम आले, डिझेल गेलं, आखूडपणा राहिला. 22 सप्टेंबर 2025 पासून पेट्रोल नेक्सॉनवरचा कर 29 टक्क्यांवरून 18 वर आला, ब्रेझाचा 45 वरून 40 वर. दोघींचाही उतरला, पण दोघींमधलं अंतर वाढलं. शोरूममध्ये बसून किमती बघताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर एक स्वस्त का आणि दुसरी महाग का याची उत्तरं भलत्याच ठिकाणी शोधाल.

सीएनजीचं विचारतात. मला ऑटोमॅटिक हवी होती आणि या दोघींत सीएनजीसोबत ती मिळत नव्हती, विषय संपला. मॅन्युअल चालणार असेल तर बघा. ब्रेझात टाकी डिकी खाते. नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली जातात, त्यामुळे बॅगा राहतात. इलेक्ट्रिकचं विचारलंत तर स्टॅक पार्किंगमध्ये चार्जर कुठे लावायचा यावर आमच्या सोसायटीच्या तीन मीटिंगा झाल्या आहेत. चौथी लागायची आहे.

पावसाचंही विचारतात, विटाव्यामुळे. विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी साचतं हे ऐरोलीला जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. जमिनीपासूनची उंची ब्रेझाची 198 मिमी, नेक्सॉनची 208. त्या एका सेंटिमीटरच्या भरवशावर पाण्यात गाडी घालणाऱ्यांची इंजिनं मी टो होताना बघितली आहेत. पाणी दिसलं की वळायचं, गाडी कुठलीही असो.

राहिली सुरक्षा. घरातली तरुण मंडळी पहिल्या दिवसापासून फक्त हेच बोलत होती आणि मी त्यांना गप्प करत होते; त्यात माझी चूक होती. डिसेंबर 2018 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत पाचपैकी पाच तारे मिळवणारी नेक्सॉन ही पहिली भारतीय बनावटीची गाडी. फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या, जास्त कडक नियमांतही तिने पाच राखले. ब्रेझाला 2018 साली चार मिळाले होते, पण ते जुन्या ब्रेझाचे. 2022 साली आलेल्या नव्या गाडीच्या नावावर ते लावू नका. ही समोरून आपटायची चाचणी ताशी 64 किलोमीटरला होते. घोडबंदरला दिवसा 64 म्हणजे स्वप्नच. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेने सरकताना तारे मोजायचे तर आकाशातले मोजता येतील. पण रात्री अकरानंतर त्याच रस्त्यावर ट्रक सुटतात आणि माझी मुलगी मैत्रिणीकडून तेव्हाच परत येते. परवाना मिळाल्यापासून गाडी तीही चालवते. ती निघाल्याचा मेसेज आला की मला टॉर्क कन्व्हर्टर आठवत नाही.

घाटात जायचं असेल तर नेक्सॉन जड असूनही सहज चढते. तिचं टर्बो इंजिन 170 न्यूटन-मीटर ओढ देतं, ब्रेझाचं 137. कसारा घाटात फरक कळला. वर्षातून दोनदा नाशिकला जातो, म्हणजे वर्षातून दोनदा कळतो.

सासूबाईंचा प्रश्न उरला होता. नमस्कार करायची त्यांना सवय झाली, पण गाडीत पाऊल टाकायला पायरी उंच वाटायची. मी घरातला जुना पाट डिकीत ठेवला. कोपिनेश्वराला गेलो तेव्हा दारात मांडला, तर त्या उभ्याच. "पाटाला पाय लावू? पाट बसायला असतो." सोमवार, देवळाच्या दारात गर्दी, मागे रिक्षांचे हॉर्न, आणि आम्ही दोघी पाटाकडे बघतोय. शेवटी नवऱ्याने कमरेला धरून चढवलं. आता डिकीत न्हाणीघरातलं प्लास्टिकचं निळं स्टूल असतं. त्यावर पाय ठेवायला त्यांची हरकत नाही.

माझ्या बहिणीला खारघरला उघडं पार्किंग आहे. तिने विचारलं तेव्हा मी ब्रेझा ऑटोमॅटिक सांगितली आणि तारेही सांगितले. तिने ब्रेझा घेतली. मी तिच्या जागी असते तर मुलगी किती वाजता घरी येते ते आधी बघितलं असतं, पण तिचा मुलगा अजून सातवीत आहे.

मागच्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरचे काका लिफ्टपाशी भेटले. हॅचबॅक विकायला काढली आहे म्हणाले, मुलाने नवी घ्यायचा हट्ट धरला आहे. "तुम्ही एवढा अभ्यास केलात. आम्ही काय घ्यावं?"

मी म्हटलं, "काका, तुमच्या जागेला उंचीची अडचण नाही आणि काकूंचे गुडघे दुखतात. ब्रेझा बघा."

काका थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "एवढी चांगली आहे, तर तुम्ही का नाही घेतलीत?"