पाण्यातला व्यायाम आणि सोलापूरचा उन्हाळा : माझा अनुभव

मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या माणसाला व्यायाम हवा असतो आणि उष्णता सोसत नाही. सोलापुरात राहून या दोहोंचा मेळ घालणे ही माझी खरी अडचण होती. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या मायलिन या आवरणावरच उलटते. आवरण झिजलेल्या तंतूंतून संदेश कसेबसे जातात आणि शरीर थोडे तापले तरी ते अडखळतात. व्यायामानंतर दृष्टी तात्पुरती मंदावते, ही गोष्ट जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहॉफ यांनी 1890 साली नोंदवली होती. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या आमच्या गावात मला ती घरातल्या घरात चालतानाही जाणवत असे. शरीर थंडावले की त्रास ओसरतो, हे ठाऊक असूनही भीती वाटायची.

फिजिओथेरपिस्टनी पाण्यातला व्यायाम सुचवला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न पाण्याच्या तापमानाचा केला. सांधेदुखीसाठीचे उपचाराचे तलाव बरेच कोमट ठेवतात, ते आम्हाला चालत नाहीत. साधारण 27 ते 29 अंश सेल्सिअस पाणी योग्य मानले जाते. म्हणून जलतरण तलावात प्रवेशाची चौकशी करण्याआधी मी थर्मामीटर घेऊन पहाटे आणि संध्याकाळी पाणी मोजले. उघड्या तलावाचे पाणी दिवसभर तापत राहून सायंकाळी नको तितके कोमट होते, रात्रीतून निवते. त्यामुळे महिलांची पहाटेची तुकडी मला सोयीची ठरली.

प्रवेश मात्र सहज मिळाला नाही. आजाराचे नाव ऐकताच तलावाच्या कचेरीत ‘जबाबदारी कोण घेणार’ असे विचारले गेले. न्यूरॉलॉजिस्टकडून आणलेल्या पत्रात आजार संसर्गजन्य नाही, सध्या नवा झटका नाही, फिट येत नाहीत, सोबत मदतनीस असेल आणि पाणी कमरेपासून छातीपर्यंतच असेल, असे स्पष्ट लिहून घेतले होते. शिवाय 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे, हेही मी शांतपणे दाखवून दिले. ज्यांना अशी परवानगी मागायची आहे त्यांनी तोंडी विनंतीवर अवलंबून राहू नये, असे मला मनापासून वाटते.

पाण्यात उतरल्यावर मला जे मिळाले ते जमिनीवर कधीच मिळाले नव्हते. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा जवळपास निम्मा भार पाणी पेलते, त्यामुळे उजवा पाय फरफटत नाही. तोल गेला तरी पडणे संथ होते आणि सावरायला अवधी मिळतो. म्हणूनच एका पायावर उभे राहणे किंवा मागे चालणे हे प्रकार मी तिथे करू शकले. पाणी सर्व बाजूंनी विरोध करत असल्याने हात नुसते पुढे-मागे ढकलले तरी स्नायूंना काम मिळते, आणि हे चालू असताना अंगातली उष्णता पाणी काढून नेत असते. आमच्या प्रशिक्षक अक्का काठावरून एवढेच म्हणत, ‘‘घाई करू नका ताई, दम लागायच्या आधी थांबा.’’ वहिनी शेजारी उभ्या असत.

सर्वांत जपायचा क्षण बाहेर येण्याचा असतो. पाण्याने पेललेला भार पायरीवर एकदम परत येतो, आणि तोवर पाय थकलेले असतात. म्हणून उभ्या शिडीपेक्षा कठड्याच्या पायऱ्या, न घसरणारी चप्पल आणि वहिनींचा हात मी सोडत नाही. त्यानंतर सावलीत बसून पाणी पिते आणि ऊन चढण्याआधी ओली ओढणी घेऊन रिक्षाने घरी येते. डिसेंबरात पहाटेचे पाणी फार गार होते, पायांचे स्नायू ताठरतात. त्या दिवसांत मी उशिरा जाते किंवा घरीच ताणाचे व्यायाम करते.

या व्यायामाने आजार हटत नाही आणि माझी औषधे ठरल्याप्रमाणे चालूच आहेत. परंतु बाजारात उभे राहण्याची ताकद वाढली आहे, आणि दुपारी येणारी ग्लानी पूर्वीइतकी तीव्र राहिलेली नाही. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा ताप असेल, तेव्हा मात्र मी तलावाकडे जात नाही आणि डॉक्टरांना आधी कळवते.