ट्रॅव्हलर फोर बाय फोर करायला निघालो होतो

आमचा धंदा ड्रोनने फवारणी करून देण्याचा. मी आणि माझा साळा, दोघं मिळून नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड, कुही, भिवापूर या पट्ट्यात कपाशी, सोयाबीन, तुरीवर फवारतो. ड्रोन, बॅटऱ्यांचे खोके, जनरेटर, औषध कालवायच्या टाक्या हे सगळं लटांबर फोर्स ट्रॅव्हलरच्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये बसतं. डांबरी रस्त्यावर या गाडीबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण फवारणीचे दिवस म्हणजे जुलै-ऑगस्ट, आणि शेत असतं पांदण रस्त्याच्या टोकाला. तिकडची काळी माती एकदा भिजली की टायरच्या नक्षीत भरते आणि दहा फुटांत चाक वरवंट्यासारखं गुळगुळीत होतं. मग मागची चाकं जागच्या जागी फिरणार, आपण ट्रॅक्टरवाल्याला फोन लावणार, तो चहा पिऊन येणार. तोवर वारा सुटतो. वाऱ्यात ड्रोन उडवलं तर औषध शेजाऱ्याच्या वावरात जातं, म्हणून त्या सकाळचं काम बुडतं. ड्रोनच्या दहा लिटरच्या टाकीत साधारण एक एकर होतो. सकाळी वारा पडलेला असतो त्या दोन-तीन तासांतच आमची कमाई.

साळ्याने एका रात्री जर्मनीतल्या गाड्या दाखवल्या. आपली ट्रॅव्हलर मूळ मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवरून आलेली. त्या टी-1 ला इगलहाउट नावाची कंपनी तिकडे फोर बाय फोर करून देत असे, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. अमेरिकेत फोर्डच्या ई-सिरीज व्हॅनवरही असंच काम होत आलंय. शिवाय इथे फोर्सचीच फोर बाय फोर गुरखा जीप आहे, तिलाही 2.6 लिटरचं मर्सिडीज घराण्यातलंच इंजिन. साळा म्हणाला, "भाऊजी, गुरखाचा पुढचा एक्सल आणि ट्रान्सफर केस आपल्या गाडीखाली घालू. कंपनी एक, इंजिन एक, अडचण काय?" ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी.

कागदावर खरंच काही अडचण दिसत नव्हती. म्हणून नागपूरला लागून असलेल्या वाडीला गेलो. अमरावती रोडवर ट्रकांची कामं करणारे मिस्त्री ओळीने आहेत, त्यातला एक आमच्या जुन्या ओळखीचा. त्याच्याकडे त्या दिवशी हिंगण्याच्या महिंद्रा ट्रॅक्टर कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका बसले होते. फोर व्हील ट्रॅक्टरचे पुढचे एक्सल त्यांनी आयुष्यभर उघडले-जोडलेले. दोघंही गाडीखाली शिरले आणि पुढचा अर्धा तास आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसत होते.

काका बाहेर आले ते खडू घेऊनच. फरशीवर त्यांनी गाडीचा आडवा छेद काढला. ट्रॅव्हलरला पुढे साधा आडवा बीम आहे, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला. त्या बीमच्या वर लगेच इंजिनचं चेंबर, म्हणजे तळाची तेलाची टाकी. बीम काढून तिथे डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा असलेला एक्सल घातला, तर पाटे दबल्यावर तो गोळा थेट चेंबरला लागणार. म्हणजे एकतर इंजिन उचला, नाहीतर सगळी गाडी चार-पाच इंच वर घ्या. गाडी वर घेतली की स्टिअरिंगच्या रॉडचा कोन बिघडतो आणि खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग आपोआप वळतं. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, जास्त कोनात फिरतात, लवकर जातात. ट्रान्सफर केससाठी गिअरबॉक्सच्या मागे जागा करायची तर तो शाफ्ट कापून, लेथवर नव्याने करून, बॅलन्स करून घ्यावा लागणार. आणि उंच, बंद डब्याची गाडी आणखी उंच झाली की पांदणीच्या कडेला एका बाजूने कलली तर काय, हे काकांनी खडूचा तुकडा आडवा पाडून दाखवलं.

पण त्यांचा मुख्य प्रश्न वेगळाच होता. "दोन्ही एक्सलचा रेशो मोजला का?" त्यांनी विचारलं. ट्रान्सफर केस लागली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो. दोन्हीकडच्या क्राउन-पिनियनचा, म्हणजे एक्सलमधल्या गिअरच्या दातांचा, रेशो सारखा नसेल, तर गाडी सरळ चालतानाही पुढची चाकं एक वेग मागतात आणि मागची दुसरा. चिखलात चाक घसरून ते भांडण मिटतं. कडक जमिनीवर मिटत नाही, मग ट्रान्सफर केसची साखळी नाहीतर दात जातात. म्हणजे पुढचा एक्सल घ्यायचा तर मागचाही त्याच घरचा घ्यायला हवा. मागचा बदलला की आपल्या मालाचं वजन तो पेलणार का, हे बघा. चाकाचे बोल्ट जुळतात का, ब्रेक तेवढेच धरतात का, एबीएसचे सेन्सर नव्या हबवर कुठे बसवायचे, तेही बघा. मिस्त्री तोवर गप्प होता. तो एवढंच बोलला, "करून देतो ना भाऊ, करायले काय. पण मंग त्यात ट्रॅव्हलर कुठं राहिली?"

त्याचा अंदाज साडेतीन-चार लाखांच्या घरातला होता, तोही जुने एक्सल भंगारातून चांगले मिळाले तर. आकडा ऐकून साळा जरा नरमला, पण हटला नाही. मी म्हटलं, हात लावायच्या आधी आरटीओत विचारून येऊ.

तिथल्या मोटार वाहन निरीक्षकांनी आमचं नीट ऐकून घेतलं, खरं सांगतो. त्यांनी समजावलं ते असं. गाडीचं मॉडेल बाजारात यायच्या आधी कंपनी ते पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मंजूर करून घेते. आपल्या आरसीवरचा तपशील त्या मंजुरीवर उभा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. सीएनजीच्या किटला, इलेक्ट्रिक किटला मंजुरीची वाट नियमात आहे. व्हॅनला पुढचा एक्सल जोडायला तशी वाट त्यांच्या माहितीत नव्हती. आमची गाडी पिवळ्या पाटीची, तिला ठरावीक मुदतीने फिटनेसला उभं राहावंच लागतं. तिथे खाली वाकून पाहणाऱ्याला दुसरा एक्सल दिसल्यावाचून राहणार नाही.

विम्याच्या एजंटाने वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं: न कळवलेला बदल असेल तर अपघातानंतर कंपनीच्या हातात नकाराचं कारण आयतंच मिळतं. गाडीवर आम्ही कामाला ठेवलेली दोन मुलं असतात, त्यांच्या जिवाचा प्रश्न. ट्रॅव्हलर फोर बाय फोर करायचा विचार मी तिथेच सोडून दिला. साळ्याला पटायला चार दिवस जास्त लागले.

मग प्रश्न उलटा मांडला. फोर बाय फोर व्हॅन हवी असा हट्ट कशाला? शेवटच्या दीड किलोमीटरला सामान नेणारं काहीतरी हवं. कंपनीतूनच फोर व्हील ड्राइव्ह म्हणून निघालेली, मालवाहू म्हणून नोंद असलेली गाडी शोधायची, आणि तिच्यावर आमचं सामान बसेल असा सुटा डबा करायचा. गुरखा बघितली; पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात, म्हणजे एक चाक घसरलं तरी जोडीचं ओढतं; चिखलात तिच्या तोडीची गाडी इथे कमीच. पण ती प्रवासी गाडी, त्यात जनरेटर आणि पाणी भरणं म्हणजे तिचा अपमान. शेवटी महिंद्राच्या बोलेरो कॅम्पर पिकअपचं फोर व्हील ड्राइव्ह मॉडेल शोधायचं ठरलं. साध्या टू व्हील ड्राइव्ह कॅम्पर गल्लोगल्ली मिळतात, ही शोधावी लागते. गोंदियाकडे एक मिळाली.

जुनी फोर बाय फोर घेताना काकांनी शिकवलेली एक चाचणी सांगतो, कारण विकणारा फक्त लिव्हर ओढून दाखवतो. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. पुढचं एकच चाक जॅकवर उचलायचं. टू व्हीलमध्ये ते हाताने सहज फिरलं पाहिजे. आता फोर व्हील लावून पुन्हा फिरवा: ते अडलं पाहिजे, कारण आता ते पुढच्या शाफ्टमधून मागच्या चाकांना बांधलेलं असतं. तरीही मोकळं फिरलं, तर आत काहीतरी तुटलंय आणि तुम्ही फोर व्हीलचे पैसे देऊन टू व्हील घेताय. आमची अडली. ट्रान्सफर केसचं तेल मात्र काळंकुट्ट निघालं, त्यावर भाव खाली आला. गाडी नावावर करायचे फॉर्म 29, 30, विमा हे सगळं एजंटाने केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डबा मरीन प्लायचा केला, चार बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, आणि गाडीच्या मूळ हुकांना रॅचेट पट्ट्यांनी आवळला. एकही भोक पाडलं नाही. बॅटऱ्यांच्या कप्प्याला दोन्हीकडे जाळी ठेवली, कारण उडून आलेली बॅटरी गरम असते आणि तशीच चार्जिंगला लावायची नसते. पाणी अर्ध्या टनाऐवजी दोनशे लिटरच घेतो, बाकी शेतकऱ्याच्या विहिरीवर. टायर कंपनीच्याच मापाचे, फक्त नक्षी खोल आणि मोकळी, म्हणजे फिरताना माती बाहेर फेकली जाते. पुढे लोखंडी गार्ड आणि विंच लावायची साळ्याची इच्छा होती. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय, म्हणून तो खर्च वाचला. त्याऐवजी हाताने ओढायचा पुलर, जाड दोर आणि 12 व्होल्टचा छोटा कंप्रेसर. हा कंप्रेसर सगळ्यात उपयोगी निघाला. पांदण लागली की रिकाम्या गाडीची हवा 20 पीएसआयच्या आसपास आणतो, परत डांबरावर चढायच्या आधी भरतो. सामान भरलं असेल तर एवढी उतरवत नाही.

ट्रॅव्हलर आता गावाच्या डांबरापाशी उभी राहते, जनरेटर तिच्यातच, बॅटऱ्या तिथेच चार्ज होतात. कॅम्पर ड्रोन, औषध आणि चार्ज झालेल्या बॅटऱ्या घेऊन आत जाते. लो रेंज (ट्रान्सफर केसचा हळू पण ताकदीचा टप्पा), दुसरा गिअर, आणि मध्ये थांबायचं नाही. मुलांना एकच ताकीद आहे: डांबर लागलं की लिव्हर टू व्हीलवर. विसरले तर वळणावर गाडी आखडते आणि स्टिअरिंग सांगतंच.

यंदा एक काम राहिलंय. नाल्यातून गेल्यावर एक्सल गरमचा एकदम गार होतो, आतली हवा आखडते आणि ब्रीदरमधून, म्हणजे एक्सलवरच्या हवा जाण्या-येण्याच्या भोकातून, पाणी आत ओढलं जातं. मागच्या डिफरन्शियलचं तेल थोडं दुधाळ निघालं ते त्यामुळेच. तेल बदललं. दोन्ही एक्सलच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉनेटखाली नेऊन बांधायची आहे. वाडीचा मिस्त्री म्हणतो, नळी तुम्ही आणा, बांधायचे पैसे नको.