लिव्हर ड्रॅग आणि ८० पौंडी ब्रेडेड: स्ट्राइकचा आकडा १२ किलोवरून ७ वर

मागच्या हंगामात गेलेल्या माशाचा हिशोब अखेर लागला. लाईनच्या ताकदीच्या एक तृतीयांश ड्रॅग (मासा रीलवरून लाईन ओढून नेताना होणारा अडथळा), हा मोनोवर (एकाच नायलॉन धाग्याच्या लाईनवर) शिकलेला नियम मी ब्रेडेडलाही (विणलेल्या लाईनलाही) जसाच्या तसा लावला होता. ८० पौंड म्हणजे सुमारे ३६ किलो, त्याचे तिसरे १२. स्ट्राइकला, म्हणजे ड्रॅगच्या लिव्हरच्या झुंजीच्या खुणेवर, १२ किलो ठेवले आणि माशाच्या दुसऱ्याच धावेत लाईन अचानक हलकी झाली. परत आलेले ब्रेडेडचे टोक स्प्रिंगसारखे बारीक वळलेले होते. म्हणजे लाईन तुटली नव्हती, लीडरची (ब्रेडेडच्या पुढे जोडलेल्या मोनोच्या तुकड्याची) गाठ सरकली होती.

तेव्हा दोष गाठीला देऊन मोकळा झालो. आता तशीच गाठ घरी बांधून हुकाच्या वजनकाट्यावर ताणली, तर ती १४ किलोच्या आसपास सरकू लागली. पण ड्रॅग तर १२ चा होता, मग मासा १४ च्या वर ओढू शकला कसा? या प्रश्नाने मला दोन आठवडे कामाला लावले.

उत्तर स्पूलमध्ये, म्हणजे रीलच्या लाईन गुंडाळलेल्या चक्रीत, होते. ड्रॅगची वॉशर (आतली घर्षणाची चकती) जो अडथळा करते तो पिळाचा असतो. लाईनवर त्याचा जोर किती येणार, ते उरलेल्या लाईनसकट स्पूलचा व्यास किती आहे यावर ठरते. माझा भरलेला स्पूल ६४ मिलिमीटर व्यासाचा. लाईन जाऊन तो ४८ वर आला की त्याच लिव्हरवर ओढ ६४ भागिले ४८, म्हणजे सव्वापटीहून जास्त होते. १२ चे थेट १६. मी लिव्हरला हातही लावला नव्हता, आणि गाठ कधीच तिच्या मर्यादेपलीकडे गेली होती. मोनोची लाईन ताणली जाते, त्यामुळे असल्या चुका ती थोड्याफार पोटात घालते. ब्रेडेड जवळजवळ ताणलीच जात नाही. माशाने डोके झटकले की तो झटका सरळ गाठीवर आणि गळावर जातो.

म्हणून आता हिशोब लीडरपासून सुरू करतो. लीडर ६० पौंडी मोनो, म्हणजे २७ किलो. त्याचा चौथा भाग पावणेसात होतो, मी ७ धरला. गाठही नव्याने शिकलो. आताची एफजी गाठ (ब्रेडेड लीडरभोवती गुंफून बांधायची) ओली करून, वेढे घट्ट बसेपर्यंत ओढून घेतो. २० किलोला ती जागची हलली नाही.

मोजण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच मी सर्वात जास्त चुकलो. आधी लाईन थेट रीलवरून काट्याला लावून मोजत होतो. तसे ६.२ येते. तीच लाईन वाकलेल्या रॉडच्या कड्यांमधून घेतली की ७.० येते, कारण कड्यांचे घर्षण मिळते. गाठीला हा दुसरा आकडा सोसावा लागतो, तेव्हा नोंदवायचा तोच. पहिले चार-पाच ओढे सोडून द्या, वॉशर बसायला तेवढे लागतात. आकडा वाचायचा तो स्पूल एकसारखा फिरत असताना. सुरुवातीचा झटका वेगळा लिहा, तो नेहमी जास्त असतो. माझ्या रीलला सुमारे अर्धा किलो जास्त. आणि ब्रेडेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, बोट कापते. टोकाला फास करून तो काट्याच्या हुकात अडकवा.

प्रीसेट नॉब (लिव्हरच्या ड्रॅगची एकूण ताकद ठरवणारी कळ) फक्त लिव्हर फ्रीवर, म्हणजे स्पूल मोकळा सोडणाऱ्या टोकाला, असताना फिरवायचा. १२ किलोसाठी तो इतका आवळावा लागला होता की फ्रीमध्येही स्पूल घासत होता, आमिष सोडताना लाईन अडखळायची. ७ वर आणल्यावर बोटाने टिचकी दिली की स्पूल मोकळा गरगरतो. लिव्हरची चाल मात्र सारखी वाढत नाही. फ्रीपासून अर्ध्या वाटेवर जेमतेम २ किलो, स्ट्राइकला ७, फुलला (शेवटच्या टोकाला) ९.६. म्हणजे शेवटच्या टप्प्यात बोटभर सरकवले तरी फरक मोठा पडतो. मासा चालू असताना हे हातात बसलेले असावे, म्हणून रोज डोळे मिटून दहा-वीस वेळा लिव्हर सरकवतो.

मध्येच एक वेगळीच भानगड झाली. नवी लाईन भरल्यावर ड्रॅग कितीही आवळला तरी काटा ४ किलोच्या वर जाईना. वॉशरला तेल लागले असेल म्हणून सगळे उघडले, पुसले, पुन्हा तेच. शेवटी स्पूलच्या कडेला आणि लाईनवर पेनाने एकेक खूण केली, तेव्हा दिसले: स्पूल जागेवर आणि लाईनचा सगळा गठ्ठा त्यावर फिरतोय! ब्रेडेड गुळगुळीत धातूला धरत नाही. आता तळाशी २० मीटर मोनो आहे, त्यावर ब्रेडेड. भरतानाही लाईनचे टोक खांबाला बांधून, मोकळ्या मैदानात लांब जाऊन, रॉड चांगला वाकवून ३-४ किलोच्या ताणाखाली गुंडाळली. सैल भरलेली ब्रेडेड मोठ्या ओढीत खालच्या थरात रुतते आणि पुढच्या धावेत तिथेच अडकते. तसे झाले तर ड्रॅगचा कुठलाही आकडा कामाचा नाही.

कालचे काम: स्पूलचा व्यास ४८ मिलिमीटर उरेपर्यंत लाईन सोडून पुन्हा मोजले. स्ट्राइकला ९.२ आले, हिशोबाच्या ९.३ ला अगदी लागून. लिव्हर थोडी मागे घेत परत ७ जिथे मिळाले, तिथे रीलच्या अंगावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. लांब धाव झाली की लिव्हर त्या ठिपक्यावर आणायची. आता काम संपले की लिव्हर फ्रीवर सोडून ठेवतो, वॉशर दाबाखाली राहू नयेत म्हणून.

पुढची चाचणी तापलेल्या ड्रॅगची. सलग लांब ओढे घेऊन, मध्ये विश्रांती न देता, ७ चा आकडा किती हलतो ते मोजायचे आहे. त्यासाठी काटा धरून धावणारा एक जोडीदार मिळाला आहे.