रेषा स्थिर, सूर खाली

वकीलसाहेबांची तक्रार त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरच्या स्पीडबद्दल नव्हतीच. “आवाज जड येतोय हो. गाणाऱ्या बाईंचा घसा बसल्यासारखा वाटतो,” एवढंच त्यांचं म्हणणं. एका दुकानात त्यांना यावर आधी नवी सुई आणि मग अख्खं कार्ट्रिजच, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, बदलायला लावलं होतं, तेही चांगलं महागातलं. आवाज जड तो जडच. शेवटी कुणीतरी माझा पत्ता दिला आणि ते मशीन चादरीत बांधून, रिक्षात मांडीवर घेऊन स्वतः आले.

चादरीची गाठ सुटली आणि मी खुर्ची पुढे ओढली. एआर एक्सए! अमेरिकेतल्या केंब्रिजच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीचं टर्नटेबल, १९६१ साली बाजारात आलेलं, एडगर व्हिल्चर यांच्या डोक्यातून निघालेलं. आमच्या कोल्हापुरात दुरुस्तीला येतात ते बहुतेक एचएमव्हीचे पेटीवाले प्लेअर, नाहीतर रेडिओग्रॅममधले गॅरार्डचे चेंजर. हे प्रकरण वेगळं. दिसायला अगदी गरीब, बटण एकच, बाकी सगळं हातानं करायचं. खरी गंमत पोटात आहे. मोटर वरच्या पत्र्याला पक्की, पण प्लॅटर म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी आणि टोनआर्म म्हणजे सुईचा दांडा, हे दोघं एका टी आकाराच्या पट्टीवर, आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर लोंबकळत ठेवलेली. मोटरची थरथर सुईपर्यंत पोचतच नाही. रेकॉर्ड वाजत असताना लाकडी चौकटीवर ठोसा मारला तरी सुई जागची हलत नाही. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे करून दाखवतो. गरज नसते, पण राहवत नाही.

मशीन न्यू जर्सीतल्या मामांचं. मामा वारले, घर विकलं, आणि भाच्याच्या वाट्याला टर्नटेबल आलं. मागच्या पाटीवर १२० व्होल्ट, ६० सायकल. सोबत दोनशे तीसचे एकशे वीस करणारा ट्रान्सफॉर्मर होता.

“पुली बदललीय का याची? मोटरवरची, बेल्ट फिरवते ती?” मी विचारलं.

“पुली कशाला? व्होल्टेज बरोबर आहे की. आणि स्पीड म्हणाल तर मी स्वतः तपासलाय.” त्यांनी पिशवीतून एक गोल पुठ्ठा काढला. मामांच्या सामानातलीच स्ट्रोब डिस्क. लुकलुकत्या उजेडात फिरताना तिच्यावरच्या रेषा एका जागी उभ्या दिसल्या की स्पीड बरोबर. “माडीवरच्या ट्यूबलाइटखाली ठेवून बघितलं. रेषा एका जागी उभ्या. तसूभर हलत नाहीत.”

आता इथं मला दोन गोष्टी जुळेनात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही. अमेरिकेची वीज सेकंदाला साठ सायकलची, म्हणजे साठ आवर्तनांची, आपली पन्नासची. सिंक्रोनस मोटरचा वेग ठरतो तो या सायकलवर, व्होल्टवर नाही. म्हणजे तिकडचं मशीन इकडे लावलं की ते सहातला एक हिस्सा हळू पडणार. तेहतीस पूर्णांक एक तृतीयांशाच्या जागी मिनिटाला पावणेअठ्ठावीस फेरे. पण रेषा तर उभ्या म्हणतात. कदाचित मामांनीच कधी पन्नास सायकलची पुली आणून बसवली असेल. म्हटलं, आधी बाकीचं बघू.

बाकीचं फार नव्हतं. जुना बेल्ट कधीतरी वितळून आतल्या प्लॅटरच्या कडेला डांबरासारखा चिकटला होता आणि त्यावरच नवा चढवलेला. ते स्पिरिटनं पुसून काढलं. मधल्या बेअरिंगमधलं तेल सुकून मेणचट झालेलं, ते बदललं. कार्ट्रिज बसतं त्या हेडशेलच्या मागच्या पिना काळ्या पडलेल्या, त्या खोडरबरानं घासल्या. नवं कार्ट्रिज उत्तम होतं, बसवलंही नीट होतं, वजन बरोबर. ज्यानं विकलं त्यानं माल खरा दिला होता, फक्त रोग दुसरीकडे होता.

मग माझ्या बाकावरची ट्यूब लावली. ही ट्यूब मी मुद्दाम जपली आहे, जुन्या तांब्याच्या चोकची. नव्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबमध्ये किंवा एलईडीमध्ये स्ट्रोबच्या रेषा नीट दिसत नाहीत, उजेड लुकलुकायला हवा. वकीलसाहेबांचा पुठ्ठा ठेवला, मशीन चालू केलं. रेषा खरंच उभ्या. वाकून, चष्मा पुसून बघितलं तरी उभ्या.

“बघा,” वकीलसाहेब म्हणाले. कोर्टात म्हणतात तसंच.

त्यांनी आणलेली ख्यालाची एलपी लावली. गायिका नावाजलेल्या, रेकॉर्ड जपलेली, एक चरा नाही. विलंबित सुरू झालं. आवाज खरंच जड होता, पण तो सुईचा नव्हता. फरफर नाही, फाटत नाही, वरच्या झिलईची कमतरता नाही. नुसताच भारदस्त. वकीलसाहेब डोळे मिटून म्हणाले, “तरी पण काय ऐसपैस गायचे लोक पूर्वी! एकेक बाजू अर्धा अर्धा तास चालते.”

तेवढ्यात गाण्याच्या बाई आल्या. त्यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा माझ्याकडे होता, पंचमाची तार मध्येच गप्प व्हायची. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, देवल क्लबच्या बैठका सहसा न चुकवणाऱ्या. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते, त्या गावात कानाचा अभिमान असायचाच, पण या बाईंचा कान खरोखरच तिखट आहे. दारातच थांबल्या.

“हे कोण गातंय?”

वकीलसाहेबांनी कव्हर दाखवलं.

“शक्यच नाही.” मग जरा ऐकून, “आहेत त्याच. पण एवढ्या खाली? आणि तबला कसला लावलाय हा, ढाला? यांच्या साथीला टिपेचा तबला असतो.”

मी त्यांचा दुरुस्त झालेला तानपुरा बाकावर ठेवला. त्यांनी खुंटी फिरवत फिरवत रेकॉर्डच्या षड्जाला मिळवला. हार्मोनियमच्या पांढरी चारला आला, किंचित खालीच. “बाई कायम काळी चारला गायच्या. मी समोर बसून ऐकलंय. म्हातारपणी कुणी उतरतंही, पण हे तर तरुणपणचं रेकॉर्डिंग दिसतंय.”

काळी चार ते पांढरी चार, तीन अर्धस्वर. सहास पाच हे गुणोत्तर सुरांत मांडलं तर बरोबर तेवढंच अंतर पडतं, षड्जापासून कोमल गंधारापर्यंतचं. पाटीवरचा साठचा आकडा माझ्या डोळ्यांपुढे आला.

प्लॅटरच्या कडेला पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला आणि मोबाइलचं घड्याळ लावलं. स्पीड बरोबर असेल तर तीन मिनिटांत शंभर फेरे व्हायला हवेत, यात कुठला दिवा नाही की वीज नाही. झाले त्र्याऐंशी.

“मग रेषा?” वकीलसाहेबांचा आवाज जरा चढला.

पुठ्ठा उचलून उजेडात धरला. मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरांत छापलं होतं, फक्त ६० सायकलसाठी. मी रेषा मोजायला बसलो तेव्हा बाई म्हणाल्या, “अहो, वाचलं ना, मोजताय काय?” पण मला बघायचंच होतं. दोनशे सोळा. आपल्या विजेवर ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, तिच्यासाठी एकशे ऐंशी रेषांची डिस्क लागते. दोनशे सोळावाली डिस्क आपल्या ट्यूबखाली कधी स्थिर दिसेल? मिनिटाला २७.७८ फेरे झाले की. आणि अमेरिकन मशीन आपल्या विजेवर फिरतं तेही अगदी २७.७८ फेरेच. मशीन जेवढं चुकलेलं, पुठ्ठाही तेवढाच, त्याच दिशेनं.

“म्हणजे आरोपीच्या बाजूनं त्याच्या सख्ख्या भावानं साक्ष दिली,” वकीलसाहेब म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. कार्ट्रिजचे पैसे आठवत असावेत.

खरं तर योग्य डिस्क असली तरी ही साक्ष अर्धवटच. मोटर आणि ट्यूब एकाच तारेवर. विजेची सायकल घसरली तर मोटर हळू होते आणि लुकलुक पण हळू होते, रेषा आपल्या ठिय्या मारून बसलेल्या. पूर्वी उन्हाळ्यात ग्रीडवर ताण आला की सायकल पन्नासच्या बरीच खाली जायची. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीच्या लाइननं दक्षिणेची ग्रीड बाकी देशाला जोडली गेली, आता काटा पन्नासच्या आसपासच असतो. जपानात तर पूर्वेला पन्नास आणि पश्चिमेला साठ सायकल, त्यामुळे तिकडच्या बेल्टवाल्या मशीनबरोबर दोन पुल्या मिळायच्या. पुढे क्वार्ट्झवाली डायरेक्ट ड्राइव्ह आली आणि हा वैताग संपला.

पन्नास सायकलची पुली परदेशातून मागवता येते, पण वकीलसाहेबांना दम नव्हता आणि मी राहतो कोल्हापुरात. जुनी पुली काढून व्हर्नियर लावला. वेग सहास पाच या प्रमाणात वाढवायचा म्हणजे व्यास सव्वापट नव्हे, एक पूर्णांक दोन दशांश पट. मात्र व्यास नुसत्या पुलीचा धरायचा नाही. बेल्टच्या जाडीचा मध्य जिथून फिरतो तिथून मोजायचं, नाहीतर अर्ध्या मिलिमीटरच्या बेल्टला दशांश मिलिमीटरची खोट राहते. शिवाय पुली सपाट करून चालत नाही, मध्यभागी केसभर फुगीर लागते. त्या फुगवट्यामुळेच बेल्ट मधोमध राहतो, नाहीतर खाली घसरतो.

कागदावर माप काढून लेथ-कारखान्यांच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. माझा टर्नर एरवी पंपाचे शाफ्ट काढतो. पुली तळहातावर घेऊन म्हणाला, “एवढंसं? हे मुलाच्या खेळण्यातलं काय?”

“गाण्याच्या मशीनचं आहे. भोक आणि कड एकाच सेटिंगमध्ये काढा. आउट गेलं तर मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला सूर हिंदकळंल.”

“डायल लावू?”

“लावाच.”

गाण्याचं म्हटल्यावर त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. पितळेचा तुकडा लेथच्या चकात धरला, फुगवटा शेवटी पॉलिश पेपरनं हातानंच आणला, माझ्यासमोर डगमग मोजणारी डायल लावून काटा दाखवला. काटा जवळजवळ झोपलेलाच. पैसे सांगितले ते इतके कमी, की मीच वाढवून दिले.

परत आलो तर बाई अजून तिथंच. वकीलसाहेबांनी चहा मागवला होता आणि दोघांत कुठल्या रागाचा कोमल निषाद कसा लागतो यावर वाद पेटला होता.

ट्रान्सफॉर्मरचंही काम उरलं होतं. साठ सायकलची मोटर पन्नासवर चालवायची तर व्होल्टही त्याच हिशोबानं उतरवावे लागतात, १२० चे १००. नाहीतर मोटर जास्त करंट खेचते, तापते आणि गुणगुणते. वकीलसाहेबांच्या ट्रान्सफॉर्मरला शंभरचा टॅप नव्हता, तो मी माझ्याकडचा दिला.

पुली बसली, बेल्ट चढला, प्लॅटर फिरला. पहिल्या आलापालाच बाईंनी तानपुऱ्याची खुंटी वर घेतली आणि काळी चारला मान डोलावली. तबल्याची चाट टणटणीत ऐकू यायला लागली. वकीलसाहेब मात्र कपाळाला आठ्या घालून बसलेले.

“घाई करतायत असं नाही वाटत?”

“वाटणारच,” मी म्हटलं. “इतके दिवस तुम्ही बाईंना रेंगाळत ऐकलंय. मुळात विलंबित, त्यात आणखी सावकाश. कुणाला शंका येणार?”

अर्ध्या तासाची बाजू पंचवीस मिनिटांत उरकली, याची त्यांना चुटपुट लागून राहिली होती. त्यांनी जुनी पुली मागून घेतली, कागदात गुंडाळून खिशात टाकली. पुरावा म्हणून असेल. मग म्हणाले, तुमच्या हिशोबावर माझा विश्वास आहे, पण फेरे मी स्वतः मोजणार. प्लॅटरकडे टक लावून, बोटं मुडपत, तीन मिनिटं मोजले.

“एकशे एक! आता जास्त पळतंय.”

“घड्याळ सुरू केलं तेव्हा कागद समोर आला, त्याला तुम्ही एक म्हणालात. तो शून्य.”

बाई पदराआड हसत तानपुरा पिशवीत घालत होत्या. वकीलसाहेबांनी माझ्याकडे, मग कागदाच्या तुकड्याकडे संशयानं बघितलं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.