घोडे वाढवले उन्हाळ्यात, चढ चढला दुसऱ्या दिवशी

जागेचं नाव सांगणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. चांगली पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, सापडलेला माणूस पत्ता वाटत फिरत नाही, आणि तसंही ही पोस्ट जागेपेक्षा माझ्या स्नोबाइकचीच जास्त आहे. पार्किंग 1500 मीटरवर, जायचं होतं 2550 मीटरच्या धारेवर, मध्ये जंगल, मग एक मोठं मोकळं पठार आणि शेवटी तो चढ ज्याच्यापायी अख्खा उन्हाळा मी हात काळे करत बसलो होतो.

ज्यांना स्नोबाइक म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, साधी डर्ट बाइक घ्यायची, पुढचं चाक काढून तिथे एक रुंद स्की लावायची आणि मागचं चाक स्विंगआर्मसकट (ते धरणाऱ्या दांड्यासकट) काढून तिथे स्नोमोबाइलसारखा, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरसारखा, रबरी पट्ट्याचा ट्रॅक बसवायचा. असली किट लोकप्रिय केली ती आयडाहोतल्या सँडपॉइंटच्या टिंबरस्लेडने, 2015 मध्ये स्नोमोबाइल बनवणाऱ्या पोलॅरिसने ती कंपनीच घेतली. ट्रॅक 120 ते 137 इंचाचे मिळतात, रबराच्या पट्ट्या अडीच इंच उंच, आणि हे सगळं धूड फिरवायला इंजिन मात्र तेच, डर्ट बाइकचं. मातीत जी 300 सीसीची टू-स्ट्रोक हातातून निसटते ती इथे म्हाताऱ्या बैलासारखी चालते.

म्हणून मग मोठा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास. माझं इंजिन 72 बाय 72 मिलिमीटरचं (बोअर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव), म्हणजे 293 सीसी. बोअर 76 केला की स्ट्रोक तोच ठेवून 326 होतात. ऐकायला सोपं वाटतं पण आत निकासिलचं (निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं कडक) कोटिंग असतं, नुसतं बोअर मारून भागत नाही, परत प्लेटिंग करावं लागतं, आणि हेडपण नवीन बोअरप्रमाणे कापून घ्यावं लागतं नाहीतर कॉम्प्रेशन भलतंच वाढतं. स्क्विश, म्हणजे वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्या कडेची फट, 1.2 मिलिमीटर ठेवला. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं केलं होतं. मग डोक्यात किडा वळवळला, एक्झॉस्ट पोर्ट (सिलेंडरमधून धूर बाहेर जायचं भोक) वर उचलून घेतला आणि वर धावणारा, 8500 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे किंचाळणारा रेसिंग एक्झॉस्ट पाइप लावला. उन्हाळ्यात मातीवर चालवून बघितली तर काय सांगू, हँडल छातीवर यायचं. खूश होतो मी.

पहाटे पार्किंगला उणे 14. गंमत म्हणजे एवढ्या थंडीत 1500 मीटरवरची हवासुद्धा समुद्रसपाटीच्या उन्हाळी हवेइतकीच जवळपास दाट असते, त्यामुळे जेटिंग (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं माप) फारसं बदलावं लागलं नाही आणि गाडी तिसऱ्या किकला चालू झाली. जोडीदार म्हणाला, "आज तर तू उडणारच." मी पण तेच समजत होतो. बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र) चालू करून एकमेकांचे तपासले, फावडी आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायच्या काठ्या) बॅगेत टाकले आणि निघालो. जंगलातला ट्रेल दाबलेला होता, तिथे गाडी सुसाट गेली. जंगलाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

पठारावर ताजी पावडर होती, कमरेएवढी. सेकंडला आत शिरलो, रेव्ह (इंजिनाच्या फेऱ्या) चढले, पाइप कामाला लागला, गाडी उठली, वाटलं आलं आता, थर्ड टाकला आणि सगळं गळून पडलं. आवाज घुमला, गाडी बसली, ट्रॅकने स्वतःसाठी खड्डा खणला आणि मी त्यात गाडीसकट. खणून काढली, परत तेच. चार वेळा. चौथ्यांदा खणताना डोक्यात उजेड पडला की स्नोमोबाइलला सीव्हीटी (गिअर न बदलता चालणारा पट्ट्याचा ट्रान्समिशन) असतो, तो इंजिनाला सतत त्याच्या लाडक्या आरपीएमवर धरून ठेवतो, माझ्याकडे गिअरबॉक्स आणि क्लच. मातीत गिअर बदलताना गाडी स्वतःच्या वेगाने पुढे जात राहते, पावडरमध्ये थ्रॉटल सोडला की त्याच क्षणी ब्रेक लागल्यासारखी थांबते. पुढचा गिअर पडेपर्यंत रेव्ह पाइपच्या खाली गेलेले. वरच्या रेव्हचे घोडे (हॉर्सपॉवर) कितीका असेनात, तिथपर्यंत परत पोचायला खालच्या रेव्हचे घोडे लागतात, आणि तेच मी पोर्ट उचलून विकून खाल्ले होते.

दुसरी भानगड पाइपचीच, पण ती मला संध्याकाळी कळली. टू-स्ट्रोकचा पोट फुगलेला पाइप हा नुसता धूर बाहेर काढायला नसतो, त्यातून दाबाची लाट मागे येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलेंडरमध्ये ढकलते. हे शास्त्र पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटारसायकल कंपनीत वाल्टर काडेन या इंजिनिअरने 1950च्या दशकात पक्कं केलं, आणि 1961 मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर पळून सुझुकीकडे गेला तो हे सगळं डोक्यात घेऊनच, पुढच्याच वर्षी सुझुकीने 50 सीसीचं विश्वविजेतेपद मारलं. तर मुद्दा असा की लाटेचा वेग गॅसच्या तापमानावर असतो. पाइप बर्फात घासत गेला आणि आतला गॅस समजा 500 डिग्रीवरून 400ला आला तर वेग सुमारे 7 टक्के पडतो, म्हणजे 8500ला जुळणारा पाइप 7900ला जुळायला लागतो. माझे पोर्ट एका आरपीएमला, पाइप दुसऱ्याच. बरं तेही स्थिर नाही, दाबलेल्या ट्रेलवर पाइप गरम, पावडरमध्ये थंड, गाडीचा स्वभाव दर पाच मिनिटांनी वेगळा.

आणि रेडिएटर! मी ओव्हरहीटला घाबरत होतो, इथे उलटंच, समोरून बर्फाची भुकटी येऊन पाणी गारठत होतं. पिस्टन तापलेला आणि सिलेंडर थंड म्हणजे फट कमी, असंच चालू राहिलं तर इंजिन धरतं, म्हणजे पिस्टन आत अडकतो. चढाच्या पायथ्यापर्यंत कसाबसा पोचलो, एक प्रयत्न केला, एक तृतीयांश चढ झाला आणि मुकाट परत फिरलो.

रात्री शेडमध्ये हीटर लावून बसलो. जुना स्टॉक पाइप व्हॅनमध्ये पडला होता (तो आणला कारण व्हॅन साफ केली नव्हती, दूरदृष्टी वगैरे काही नाही). त्याला हेडरपासून (इंजिनाकडच्या टोकापासून) पोटापर्यंत हीट रॅप, म्हणजे उष्णता धरून ठेवणारी पट्टी, गुंडाळली. रेडिएटरवर पुढून टेप मारली, एक पूर्ण बंद आणि दुसरा अर्धा. पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने लहान. धारेवर हवा पातळ होणार म्हणून मेन जेट एक नंबर कमी करायचा मोह झाला होता, पण लोड सतत फुल असतो, थोडं रिच (पेट्रोल जास्त) चालेल पण लीन (पेट्रोल कमी) नको म्हणून तसाच ठेवला. पेट्रोलमध्ये ऑइल 40 ला 1, म्हणजे लिटरला 25 मिली. जास्त ऑइल म्हणजे रिच असा एक समज आहे, खरं तर ऑइल पेट्रोलची जागा खातं त्यामुळे मिश्रण उलट किंचित लीन होतं.

दुसऱ्या दिवशी पठारावर तीच पावडर, तेच सेकंड, तेच थर्ड, आणि गाडी चालतच राहिली! किंचाळणं नाही, छातीवर हँडल नाही, नुसता खालून घट्ट धक्का. तेव्हा पटलं की 326 सीसी वाया गेले नव्हते, सीसी सगळीकडे कामाला येतात, वरच्या पाइपने ते झाकून टाकले होते. कोणी मला विचारलं तर आधी बोअर, मग उष्णता सांभाळा, पोर्टला हात सगळ्यात शेवटी. आणि नाही लावला तरी चालेल.

चढावर एकेकानेच जायचं ठरलं, जोडीदार बाजूला झाडांपाशी थांबून बघत होता. 35 डिग्रीच्या आसपासचा उतार, बरोबर तो पट्टा जिथे हिमकडे सुटतात. जास्त पॉवर आली की माणूस जास्त वर आणि जास्त भरलेल्या उतारावर जातो, हे त्या पॉवरचं बिल कोणी आधी दाखवत नाही. बर्फ तीन ठिकाणी खणून बघितला होता, थर बरे वाटले, तरी पोटात गोळा होताच. थर्डमध्येच पूर्ण चढलो. वर टोकाला येऊन थ्रॉटल सोडला आणि आवाज खाली आलाच नाही. कार्बोरेटरमधली स्लाइड, म्हणजे थ्रॉटलने वरखाली होणारी झडप, गोठली होती! गाडी धारेच्या पलीकडच्या बाजूकडे निघाली, मी मनगटाच्या दोरीसकट उडी टाकली, दोरीने किल स्विच (इंजिन बंद करणारा) ओढला आणि शांतता. रेडिएटर झाकून इंजिन गरम ठेवलं पण कार्बोरेटरला गरम पाण्याची लाइन द्यायची राहिली होती, आत गेलेली भुकटी वितळून तिथेच परत गोठली. थर्मासमधलं गरम पाणी बाहेरून कार्बोरेटरवर ओतलं तेव्हा स्लाइड सुटली. चहासाठी आणलेलं पाणी होतं ते, जोडीदार अजून बोलून दाखवतो.

खाली येताना वेगळीच काळजी. थ्रॉटल बंद, रेव्ह वर, आणि प्रीमिक्स गाडीत (जिथे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं) पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. त्यामुळे क्लच दाबून उतरायचं, मध्ये मध्ये थ्रॉटलला एक झटका देऊन पिस्टनला ऑइल पाजायचं. हजार मीटर असंच, डाव्या हाताची बोटं नंतर मिटेनात.

पार्किंगला स्पार्क प्लग काढला, रंग चॉकलेटी, म्हणजे मिश्रण बरोबर, जोडीदाराने तो हातात घेऊन दागिन्यासारखा फिरवून फिरवून बघितला. धारेवरून एक फोटो काढलाय, गाडी अर्धी बर्फात आणि मागे सूर्य, पोस्टमध्ये टाकणार होतो. पण मागचा डोंगर ओळखू येतोय.